वायरभाऊंच्या सेवापुस्तकातला शेरा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय प्रमुख पाहुणे, आपल्या वाचनालयाचे कार्यवाह, चौकशी समितीचे तिन्ही माननीय सदस्य (योगायोगाने आज तिघेही शेजारीशेजारीच बसलेत, तेव्हाही असेच बसायचे), सर्व सभासद, माझे सहकारी, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी आणि ज्यांना निरोप द्यायला आपण हातातली कामं टाकून इथे जमलो ते आमचे वायरभाऊ, सर्वांना माझा नमस्कार.

मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय. तीस वर्षं मी या वाचनालयात आवक-जावक आणि आस्थापना सांभाळते. इथे आलेल्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाकणं आणि प्रत्येक माणसाचं सेवापुस्तक लिहिणं हे माझं काम. तेव्हा दोन शब्दांत आवरायची सवय मला नाही, हे अध्यक्षांना माहीत आहे. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. ठेवू दे. भेटवस्तू म्हणून भाऊंना दिलेलं ते भिंतीवरचं घड्याळ आहे, त्यात सेल नाहीत, हे मला सकाळीच कळलंय.

आत्ता कार्यवाहांनी मानपत्र वाचून दाखवलं. किती छान वाचलं! 'निष्ठावान, निगर्वी, विश्वासू सेवक'. टाळ्याही पडल्या. ते मानपत्र मी लिहिलंय. अक्षर माझं, मजकूर माझा, 'निगर्वी'मधली वेलांटी दोनदा खोडून नीट केली तीही मीच. पण याच माणसाचं सेवापुस्तक माझ्याच टेबलाच्या खणात आहे, आणि त्यातल्या एका पानावर लाल शाईत, माझ्याच अक्षरात, असा शेरा आहे: 'माहिती मिळवणे शक्य असूनही ती मिळवण्यास नकार. विश्वासार्हता संशयास्पद.' आता मला सांगा, एका माणसाबद्दल एकाच बाईने एकाच हाताने लिहिलेलं यातलं खरं कुठलं धरायचं? प्रमुख पाहुण्यांनी भुवया उंचावल्या. साहेब, तुम्ही नवे आहात, तुम्हाला सुरुवातीपासून सांगते.

वायरभाऊ आमच्या यंत्रखोलीचे प्रमुख. प्रमुख म्हणजे एकटेच. वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जुनी मासिकं ठेवतो त्याच्या पलीकडे ती खोली. चोवीस वर्षांपूर्वी हा माणूस खांद्यावर वायरचं वेटोळं अडकवून इथे आला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कुणी खऱ्या नावाने हाक मारली नाही. पुस्तकांची यादी त्यांनी कॉम्प्युटरवर चढवली. वाचकांच्या खोलीतले कॉम्प्युटर त्यांनी लावले. प्रिंटर अडला की भाऊ, दिवे गेले की भाऊ, अध्यक्षांच्या नातवाचा व्हिडिओ गेम चालेना की भाऊ. तक्रार ऐकली की मान हलवायची, 'बघतो' म्हणायचं आणि खरंच बघायचं. सरकारी म्हणा, निमसरकारी म्हणा, कुठल्याही कचेरीत हा माणूस संशयास्पदच वाटणार.

सात वर्षांपूर्वी भाऊंनी एक अर्ज दिला. मीच त्यावर आवक क्रमांक टाकला. अर्जात असं होतं की जगभर हजारो माणसं आपापल्या घरून, शाळांतून, वाचनालयांतून एक-एक सर्व्हर विनामोबदला चालवतात. ही सगळी यंत्रं मिळून एक जाळं होतं. कुणाला इंटरनेटवर काही वाचायचं, लिहायचं असेल आणि आपण कोण, कुठून, हे कळू द्यायचं नसेल, तर त्याचा निरोप या यंत्रांतून हातोहात पुढे जातो. यंत्र माझं मी आणतो, सांभाळतो मी, वाचनालयाने फक्त एक कोपरा आणि शिल्लक पडलेली लाइन द्यावी.

कार्यकारी मंडळाच्या सभेत तो अर्ज आयत्या वेळच्या विषयांत आला. वरचा विषय झाडूंच्या खरेदीचा होता, त्यावर पाऊण तास चर्चा झाली. मऊ झाडू की कडक झाडू. मग चहा आला. चहाबरोबर भाऊंचा अर्जही सर्वानुमते गिळला गेला. इतिवृत्तात 'मंजूर' असा एकच शब्द आहे, तोही मीच लिहिलाय.

मी काही तांत्रिक बाई नाही. मी भाऊंना म्हटलं, "मला कळेल असं सांगा हो. हे करतं काय तुमचं खोकं?" त्यांनी माझ्याच टेबलावरची तीन पाकिटं घेतली. एक चिठ्ठी लहान पाकिटात घातली, ते मधल्यात, ते मोठ्यात. म्हणाले, "ताई, मोठं पाकीट पहिल्याकडे गेलं. त्याने फोडलं, आत दुसऱ्याचा पत्ता. दुसऱ्याने फोडलं, आत तिसऱ्याचा पत्ता. चिठ्ठी कुणी लिहिली ते पहिल्याला माहीत, पण ती कुणाला जातेय ते नाही. तिसऱ्याला कुणाला द्यायची ते माहीत, पण लिहिली कुणी ते नाही. आपलं यंत्र तिसरं. म्हणून बाहेरच्याला वाटतं, चिठ्ठी आपणच लिहिली."

मी विचारलं, "आणि रोज अशी किती पाकिटं जातात?"

"लाखोंनी."

"आणि नोंद कुठल्या वहीत?"

"नोंद नाही ठेवत ताई. तेच तर काम आहे."

तुम्हाला सांगते, मला घेरी यायची बाकी राहिली. आवक आहे, जावक आहे आणि नोंद नाही? मी इथे शिपायाच्या रजेच्या चिठ्ठीलाही क्रमांक देते! मी भाऊंशी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, ते एक वेगळंच.

आणखी एक गंमत सांगते. बाकीच्यांची नावं झाकायला निघालेल्या या माणसाने स्वतःचं नाव, पत्ता आणि घरचा फोन मात्र त्या यंत्राच्या माहितीत उघडउघड लिहून ठेवला. कुणाला तक्रार असेल तर मला विचारा म्हणून. मग काय, कुठूनकुठून फोन यायचे. वहिनी उचलायच्या. पलीकडून कुणी अनोळखी भाषेत तावातावाने बोलतंय आणि वहिनी शांतपणे सांगतायत, "ते भाजी आणायला गेलेत, अर्ध्या तासाने करा." माणसं अर्ध्या तासाने करायचीसुद्धा. हो ना वहिनी?

मग तीन वर्षांपूर्वी एका परक्या कंपनीचं पत्र आलं की तुमच्या पत्त्यावरून कुणीतरी आमच्या संकेतस्थळाची दारं ठोठावतंय. ते पत्र पहिल्यांदा माझ्याच हातात पडलं. भाऊंनी त्याच दिवशी उत्तर दिलं, हे यंत्र काय आहे ते समजावलं, आणि कंपनीने आभार मानले. पाठोपाठ पोलीस ठाण्यातून एक साहेब आले. भाऊंनी त्यांना यंत्र दाखवलं, यंत्राची सार्वजनिक यादीतली नोंद दाखवली. पाच मिनिटांत त्यांना सगळं कळलं. जाताना ते एक रहस्यकथा वाचायला घेऊन गेले. ती अजून परत आलेली नाही, पण प्रकरण पोलिसांच्या बाजूने संपलं.

आपल्या बाजूने मात्र ते तिथून सुरू झालं. कारण चारच दिवसांनी अध्यक्षांच्या टेबलावर एक पत्र आलं. टाइप केलेलं, एका पानाचं, खाली सही नाही. 'यंत्रखोलीत चालणाऱ्या गैरप्रकारांकडे लक्ष वेधू इच्छितो' अशी सुरुवात. पाच परिच्छेद. तिसऱ्या परिच्छेदात 'वाचनालयाची इभ्रत' दोनदा. शेवटी 'एक हितचिंतक'.

आपल्या नियमावलीत नियम चौदा आहे: निनावी तक्रारीची दखल घेऊ नये. समितीच्या पहिल्या बैठकीत हा नियम मोठ्याने वाचला गेला, आणि मग ठरलं की प्रकरण निनावीपणाचंच असल्यामुळे या वेळी निनावी तक्रार चालेल. मी इतिवृत्त लिहीत होते. मी मान खाली घालून लिहिलं.

समिती कशी होती? एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त भूमितीचे शिक्षक आणि एक सिमेंटचे व्यापारी. तिघेही थोर माणसं, आपापल्या क्षेत्रात. अकरा महिने, अकरा बैठका. भाऊंना तेवढा काळ यंत्रखोलीतून काढून बांधणी विभागात बसवलं. फाटक्या पुस्तकांना खळ लावत. वहिनी सांगतात, रोज घरी आले की बोटांची खळ खरवडत बसायचे आणि जेवायला दोनदा हाक मारावी लागायची.

दुसऱ्या बैठकीत ठरलं की चौकशी पूर्ण होईपर्यंत ते यंत्र बंद ठेवावं. भाऊ बांधणी विभागात, मग बंद करायचं कुणी? समिती स्वतः गेली. आत बघितलं तर चौफेर यंत्रं, दिवे, वायरी. सगळ्यात मोठं, सगळ्यात जास्त घोंघावणारं आणि म्हणून सगळ्यात संशयास्पद जे दिसलं त्याचं बटण सिमेंटवाल्या साहेबांनी बंद केलं. ते पाणी गार करायचं यंत्र होतं, दुरुस्तीला आत आणून परत जोडलेलं. आठवडाभर आम्ही कोमट पाणी प्यायलो. अहवालात लिहिलंय, 'समितीच्या तत्परतेमुळे संभाव्य धोका टळला.' आणि भाऊंचं खोकं कोपऱ्यात हिरवा दिवा लावून जगभरची पाकिटं पोचवत राहिलं. हसू नका, साहेबांना वाईट वाटेल.

तिसऱ्या बैठकीत आणखी एक ठराव झाला: यंत्राचा वापर करणाऱ्यांची नोंदवही ठेवावी. वही आली. मीच रेघा मारल्या. अनुक्रमांक, नाव, पत्ता, वापराचे कारण, सही. वहीला दोऱ्याने पेन बांधलं. वर पाटी लावली, 'वापरकर्त्यांनी ओळखपत्र दाखवावे.' ती वही त्या खोक्याशेजारी स्टुलावर ठेवली. आता मला सांगा, समुद्रापलीकडे बसलेली कोण बाई किंवा बुवा त्या वहीत सही करायला येणार होता? पण दर महिन्याच्या एक तारखेला भूमितीचे सर जातीने यायचे, चष्मा पुसायचे, कोरी पानं एकेक करून उलटायचे आणि खाली लिहायचे, 'तपासले. नोंद निरंक.' तेहतीस महिने झाले. तेहतीस सह्या आहेत. त्या वहीत सही करणारे सर एकटेच.

पण खरी कसोटी भाऊंच्या जबानीची. ती मी शब्दन् शब्द लिहून घेतलीय.

डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "हे लोक कोण आहेत?"

"माहीत नाही."

"बायका की पुरुष?"

"माहीत नाही."

"अहो, मग तुम्हाला माहीत तरी काय आहे?"

"किती ते माहीत आहे साहेब. कोण ते नाही."

"पण सज्जन माणसाला लपवण्यासारखं असतं काय?"

भाऊंनी बोटावरची खळ पुसली. मग म्हणाले, "साहेब, एखाद्या मुलीला आपल्या दुखण्याबद्दल वाचायचं असतं आणि घरात कुणाला कळू द्यायचं नसतं. एखादा आपल्या वरिष्ठाची लबाडी वर्तमानपत्राला सांगू बघतो आणि त्याला नोकरी टिकवायची असते. अशी माणसं असतात."

"आमच्या ओळखीत असं कुणी नाही," सिमेंटवाले साहेब म्हणाले. "असेल तर एक तरी लाभार्थी हजर करा."

आता मला इथे थोडं विषयांतर करू द्या. लपवण्यासारखं काय असतं, हे मला कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं! पुस्तक देवघेवीचं रजिस्टर वीस वर्षं माझ्याकडे होतं. कुठल्या साहेबांनी केस उगवण्याचं पुस्तक सलग तीन वेळा नूतनीकरण करून घेतलं, ते मला माहीत आहे. कुणी 'संसार सुखाचा कसा करावा' दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात नेलं, तेही माहीत आहे. घाबरू नका, मी कुणाकडेही बघत नाहीये. मागच्या रांगेतल्यांनीही इतकं मोठ्याने हसू नये, वहीत तुम्हीही आहात. मी आजवर कुणाला सांगितलं नाही, पण सांगू शकले असते, नाही का? भाऊंच्या खोक्यापाशी विचारून बघा. त्याला सांगताच येणार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'आवरते घ्यावे.' आवरतेच आहे, साहेब. आता फक्त शेऱ्यापर्यंत येते.

दहाव्या बैठकीपर्यंत समितीच्या लक्षात आलं होतं की यंत्रात काही गैर नाही, पोलीसही समाधानी आहेत. मग आब कसा राखायचा? अध्यक्षांनी तोडगा काढला. तोडगा चांगला होता, मी नावं ठेवणार नाही. ते म्हणाले, "वायरभाऊ, हे पत्र आपल्याच इमारतीत टाइप झालेलं दिसतंय. कागद आपला आहे. आपल्याकडे प्रिंटर एकच. कुणाच्या टेबलावरून, कधी, काय छापलं याची नोंद त्या प्रिंटरच्या पोटात असते असं तुम्हीच सांगितलं होतं. काढा ती नोंद. तक्रारदार सापडला की त्याला समोर बसवू, त्याची चौकशी करू, आणि तुम्ही मोकळे."

मी शेजारी बसून लिहीत होते. माझं पेन थांबलं.

भाऊ म्हणाले, "नोंद आहे साहेब. पण मी बघणार नाही."

"अहो, तुमच्याविरुद्धची तक्रार आहे!"

"हो. पण ज्याने लिहिलं त्याने सही केली नाही. म्हणजे त्याला नाव कळू द्यायचं नव्हतं. मग मी कसं बघू?"

भूमितीचे सर चिडले. म्हणाले, "हा शुद्ध हट्ट आहे." आणि तिथल्या तिथे शेरा सांगितला. तोच, जो मी सुरुवातीला वाचून दाखवला. 'माहिती मिळवणे शक्य असूनही ती मिळवण्यास नकार.' म्हणजे साहेब, तुम्ही समजून घ्या, हा शेरा त्या खोक्यामुळे लागलेला नाही. यांनी आपल्यावर चिखल उडवणाऱ्याला शोधलं नाही, म्हणून लागलाय. मी लाल शाईचं पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिला. त्याच संध्याकाळी भाऊंनी त्या प्रिंटरची सगळी नोंद पुसून टाकली, न बघता.

आता आजचं सांगते, म्हणजे या शेऱ्याचं एवढं काय, हे सगळ्यांना कळेल. भाऊंनी अर्ज दिलाय की निवृत्तीनंतर रोज दोन तास येऊन ते यंत्र मी मानद सांभाळतो, मला काही नको. नियम बावीस म्हणतो की सेवापुस्तकात विश्वासार्हतेचा शेरा असलेल्या माणसाला संस्थेच्या आवारात मानद काम देता येत नाही. दुसरं कुणी सांभाळायला तयार नाही. म्हणून तुमच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत सातवा विषय बघा: 'यंत्रखोलीची किल्ली परत घेणे व यंत्र बंद करणे, अध्यक्षांच्या शुभहस्ते.' छापलंय मीच. माझ्या या भाषणानंतर आभार, आणि आभारानंतर ते. भाऊ मघापासून खिशावर हात ठेवून बसलेत, त्यात ती किल्ली आहे.

याला एक वाट आहे. नियम तेवीस: तक्रारदाराने स्वतःच्या सहीने तक्रार मागे घेतल्यास तिच्यातून उद्भवलेला शेरा रद्द समजावा. कार्यवाहांनी भाऊंच्या अर्जावर लिहिलंय, 'तक्रारदार अज्ञात असल्याने नियम तेवीस लागू करता येत नाही.' बिनचूक लिहिलंय. सहीच नाही, तर मागे घेणार कोण?

कार्यवाह मघापासून माझ्याकडे टक लावून बघतायत. त्यांना प्रश्न पडलाय की ते पत्र तर अध्यक्षांच्या कपाटात कुलूपबंद आहे, समितीखेरीज कुणी वाचलेलं नाही, मग त्यात पाच परिच्छेद होते आणि 'इभ्रत' दोनदा आली होती, हे या बाईंना इतकं पाठ कसं?

अहो, पाठ नसायला काय झालं? मीच लिहिलंय ते.

बसा, बसा. पाणी द्या कुणीतरी डॉक्टरसाहेबांना. गार आहे आता.

का लिहिलं, ते सांगते. फार मोठं कारण असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. कंपनीचं पत्र हातात पडलं आणि माझी गाळण उडाली, हे एक. त्याच आठवड्यात यंत्रखोलीला हवा गार ठेवायचं यंत्र बसलं आणि माझ्या दफ्तरखोलीचा पंखासुद्धा दोन वर्षं बंद होता, हे दुसरं. यंत्राला गारवा आणि बाईमाणसाने फायलीने वारा घ्यायचा! जळफळाट झाला माझा. आणि तिसरं, माझ्या इतक्या वर्षांच्या वह्यांशेजारी हा माणूस कसलीच नोंद न ठेवता सुखाने राहतो, हे मला सहनच होत नव्हतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत टाइप केलं. 'वेधू इच्छिते' लिहायचं होतं, ते बदलून 'इच्छितो' केलं, म्हणजे कुणा पुरुषावर जाईल. इतकी मी हुशार.

मग अकरा महिने मी त्याच चौकशीचं इतिवृत्त लिहिलं. त्यांच्या बोटांवरची खळ बघितली. भाऊ 'मी बघणार नाही' म्हणाले तेव्हा मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी बघितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि हे मला त्या खोलीत सगळ्यांत चांगलं माहीत होतं. सुटले, असं वाटलं मला. अगदी तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू? आणि त्यानंतर लगेच लाल पेन उचललं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला आले आणि गप्प बसले. त्यानंतर दोन वर्षं गप्प बसले. सिमेंटवाल्या साहेबांना एक लाभार्थी हवा होता. समितीच्या टेबलापाशीच बसलेला होता तो, इतिवृत्त लिहीत.

गेल्या आठवड्यात मी यंत्रखोलीत गेले. म्हटलं, "भाऊ, त्या पत्राबद्दल बोलायचंय." त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, नाव सांगू नका. सांगितलंत की मला माहीत होईल, आणि उद्या कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही." आणि वळून कामाला लागले. काय म्हणावं या माणसाला! मला क्षमासुद्धा मागू दिली नाही त्यांनी.

म्हणून भाऊ, आज मी माईकवरून सांगितलं. इथे तुम्हाला उठून जाता येत नाही, सत्कारमूर्ती आहात.

अध्यक्ष महोदय, हा कागद. 'मी, खाली सही करणार, तीन वर्षांपूर्वीची माझी निनावी तक्रार पूर्णपणे मागे घेत आहे. ती भीतीपोटी आणि मत्सरापोटी केली होती. तीत तथ्य नव्हते.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. यावर आजचा आवक क्रमांक मी सकाळीच टाकलाय, म्हणजे मिळाला नाही असं कुणी म्हणायला नको. सेवापुस्तकही सोबत आणलंय, शेऱ्याचं पान उघडून ठेवते. लाल रेघ मी मारू शकत नाही, ती तुमच्या सहीने पडते. पेन हे घ्या.

माझ्यावर जी कारवाई करायची ती नियमाप्रमाणे करा. माझ्या नोकरीची चार वर्षं उरलीत. बांधणी विभागात जागा रिकामी आहे असं ऐकते. माझं सेवापुस्तक मात्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.

भाऊ, ती किल्ली अजून खिशातून काढू नका. अध्यक्ष अजून वाचतायत... वाचू द्या, त्यांना सवडीने वाचायची सवय आहे... सर, तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वाचू नका... हं. पडली. रेघ पडली. सही पण झाली. प्रमुख पाहुणे साक्षीदार आहेत. सातवा विषय पत्रिकेतून वगळला असं मी इतिवृत्तात लिहिते. टाळ्या मला नका देऊ हो, मी टाळ्यांचं काही केलेलं नाही.

आता रीतीप्रमाणे आभार. अध्यक्षांनी पेन परत दिलं त्याबद्दल त्यांचे, चौकशी समितीने इतकी वर्षं एक तारीख चुकवली नाही त्याबद्दल तिचे, आणि तुम्ही सगळ्यांनी खुर्च्या न सोडता ऐकलंत त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

भाषण संपवताना 'बोलण्यात काही उणंअधिक झालं असल्यास पोटात घाला' असं म्हणायचा शिरस्ता आहे. बोलण्यातलं घालाच. पण वहिनी, तुमच्यापुढे मला 'असल्यास' म्हणता येत नाही. तुमच्या घरात अकरा महिने दोनदा हाक मारावी लागली, ती माझ्यामुळे. तुम्ही दर भेटीत मला 'ताई, बऱ्या आहात ना' असं विचारलंत आणि मी 'बरी आहे' म्हणाले. मी बरी नव्हते. माझं चुकलं. मला माफ करा.